वाचकाची आवड आणि गोष्टीतला काळ

कथा आवडते, कादंबरी आवडते की एकाच नायकाच्या मागोमाग चालणारी पुस्तकांची मालिका आवडते, असे वाचकांना विचारले की उत्तरे बहुधा सवडीच्या भाषेत येतात. कथा एका बैठकीत संपते म्हणून बरी. कादंबरीने मे महिन्याची सुट्टी सार्थकी लागते. मालिका हाती असली म्हणजे पुढचे पुस्तक कोणते, हा शोध वाचतो. ही उत्तरे प्रामाणिक असली तरी ती पुस्तकाच्या जाडीविषयीची आहेत. जी. ए. कुलकर्णी यांच्या 'काजळमाया'तील एखादी कथा वाचून ज्याची झोप उडाली, त्याला ती लवकर संपते म्हणून आवडली असे कोण म्हणेल? आणि भालचंद्र नेमाडे यांच्या 'बिढार'पासून 'झूल'पर्यंत (1975 ते 1979) चांगदेव पाटलाच्या मागे चार कादंबऱ्यांतून जाणारा वाचक काही पानांचा हिशेब करून निघालेला नसतो.

माझ्या मते वाचकाची आवड ही मुळात काळाची आवड असते. कोणाला गोष्टीत क्षण हवा असतो, सारे आयुष्य ज्याच्या उजेडात वेगळे दिसू लागते असा. कोणाला एक निर्णय आणि त्याची किंमत पाहायची असते. कोणाला वर्षे हवी असतात. पुस्तकाची लांबी या मागणीतून ठरते. ख्रिस्ती वाचकाच्या दृष्टीने तर हा केवळ रुचीचा प्रश्न राहत नाही. पाप, पश्चात्ताप, क्षमा आणि कृपा या ज्या गोष्टींवर आपली श्रद्धा उभी आहे, त्या सगळ्या काळातच घडतात. त्या क्षणात घडतात की हळूहळू घडतात? कथा एक उत्तर देते, मालिका दुसरे. चेस्टरटन, फ्लॅनरी ओ'कॉनर, शुसाकू एन्डो आणि सिग्रिड उंडसेट या चार कॅथलिक लेखकांच्या आधारे हा प्रश्न तपासून पाहावा असे वाटते. चौघांनी वेगवेगळे घाट निवडले आणि चौघांनाही वाचक मिळाला.

त्याआधी आपल्या घरातले थोडे. भागाभागांनी येणारी गोष्ट मराठी वाचकाला परकी नाही. हरिभाऊ आपटे यांची 'पण लक्षात कोण घेतो?' ही कादंबरी 1890 साली सुरू झालेल्या 'करमणूक' साप्ताहिकातून क्रमशः आली आणि वाचक आठवड्याआठवड्याला यमूच्या दुःखाची वाट पाहत राहिले. पुढे 1909 पासून दिवाळी अंकांची परंपरा सुरू झाली आणि तिने कथेला मखरात बसविले. परंतु आपल्या समाजाचा वारसा याहून जुना आहे. येशूसंघीय फादर थॉमस स्टीफन्स यांचे 'ख्रिस्तपुराण' 1616 साली छापले गेले. दहा हजारांहून अधिक ओव्यांचा हा ग्रंथ एका बैठकीत वाचून संपविण्याजोगा नव्हताच. तो चर्चमध्ये रविवारी आणि सणासुदीला भागाभागांनी वाचला जाई आणि भाविक तो ऐकत. या श्रोत्यांना गोष्टीचा शेवट ठाऊक होता. प्रभू क्रुसावर मरणार आणि तिसऱ्या दिवशी उठणार, हे लहान मुलालाही माहीत होते. तरीही ते पुढच्या वेळी येत. म्हणजे मालिकेचे आकर्षण 'पुढे काय होणार' एवढ्यावर उभे नसते. ओळखीच्या जगात पुन्हा जाऊन बसण्याचे सुखही त्यात असते आणि हे सुख क्षुल्लक नाही. आपले उपासनावर्ष हे तरी दुसरे काय आहे? आगमनकाळ, नाताळ, उपवासकाळ, ईस्टर ही दरवर्षी तीच गोष्ट. फक्त ऐकणारा एका वर्षाने मोठा झालेला असतो.

जी. के. चेस्टरटन यांचे फादर ब्राउन याच सुखासाठी वाचले जातात. 1910 मध्ये पहिली कथा आली. 1911, 1914, 1926, 1927 आणि 1935 असे पाच संग्रह निघाले. कथा पन्नासच्या आसपास. बुटका, गोल चेहऱ्याचा, छत्री विसरणारा, मळक्या झग्यातला हा खेड्यातला धर्मगुरू पंचवीस वर्षांत एका दिवसानेही म्हातारा होत नाही. त्याला ठरलेले घर नाही, नातलग नाहीत, भूतकाळ जवळजवळ नाही. भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे जसा शाळकरीच राहतो, इटालियन लेखक ग्वारेस्की यांचा डॉन कामिलो गावच्या कम्युनिस्ट महापौराशी जसा कायमचा भांडत राहतो, तसेच हे. अशा मालिकेत काळ थांबलेला असतो. वाचक कोठूनही आत शिरू शकतो, कोठेही बाहेर पडू शकतो. आजारपणात, प्रवासात, घरात कोणी गेल्यानंतरच्या रिकाम्या दुपारी अशा पुस्तकाची सोबत मोठी असते. समीक्षकांनी नाक मुरडावे असे यात काही नाही.

मात्र चेस्टरटन यांची कमाल पुढे आहे. पहिल्या कथेत फ्लँबो हा अट्टल चोर धर्मगुरूच्या वेषात फादर ब्राउनबरोबर प्रवास करतो. डोळा अर्थातच फादर ब्राउनजवळच्या निळ्या खड्यांच्या चांदीच्या क्रुसावर. फादर ब्राउन त्याला ओळखतो कशावरून? तो बोलता बोलता विवेकबुद्धीला कमी लेखतो, आणि खरा धर्मगुरू तसे करणार नाही, यावरून. हा विनोद कॅथलिक वाचकाला विशेष रुचतो. याच पहिल्या संग्रहात नाताळाच्या दुसऱ्या दिवशीची एक कथा आहे. फ्लँबो चोरलेले हिरे घेऊन बागेतल्या झाडावर चढून बसला आहे आणि खाली उभा राहून फादर ब्राउन त्याच्याशी बोलतो. चोराच्या आयुष्याला कसा उतार असतो, तळ कसा लागत नाही, हे तो त्याला सांगतो. हिरे वरून खाली पडतात. झाडावर चढलेला जक्कय आणि खाली थांबून त्याला हाक मारणारा प्रभू, हे चित्र ही कथा वाचताना माझ्या मनासमोर येते. पुढे फ्लँबो गुन्हेगारी सोडतो, खासगी गुप्तहेर होतो, आणि 1927 च्या संग्रहात तो स्पेनमध्ये बायकामुलांसह राहणारा गृहस्थ झालेला दिसतो. तेथेच आपल्या पाहुण्यासमोर तो आपले जुने नाव उघड करतो. म्हणजे नायकाचा काळ थांबलेला, पण चोराचा काळ वाहता! फादर ब्राउनच्या मालिकेत खरोखर बदलणारा माणूस एकच आहे आणि तो पापी आहे. निव्वळ कोडी सोडविणाऱ्या इतर गुप्तहेरकथांपेक्षा ही मालिका मनात का राहते, याचे एक कारण मला येथे सापडते.

तरीही मर्यादा आहेच. फ्लँबोचे परिवर्तन दोन कथांच्या मधल्या कोऱ्या जागेत होते. जुन्या सोबत्यांनी त्याला हाक मारली असेल, एखाद्या रात्री हात शिवशिवले असतील, लोकांनी वर्षानुवर्षे संशय घेतला असेल. यातले चेस्टरटन जवळजवळ काहीच दाखवीत नाहीत. थांबलेल्या काळाच्या मालिकेला ते दाखविता येत नाही. तिला पुढच्या महिन्यात नवा गुन्हा हवा असतो.

आता अगदी दुसरे टोक. फ्लॅनरी ओ'कॉनर या अमेरिकेच्या जॉर्जिया राज्यातल्या. भोवताली सारा प्रोटेस्टंट मुलूख, स्वतः कट्टर कॅथलिक. ल्युपस या दुखण्याने 1964 साली, वयाच्या एकोणचाळिसाव्या वर्षी, त्या निवर्तल्या. दोन कादंबऱ्या त्यांच्या नावावर आहेत, परंतु कीर्ती कथांची. 1955 आणि 1965 असे दोन संग्रह, त्यांतला दुसरा मृत्यूनंतरचा. आपल्या वाचकांनी त्यांची एकच कथा वाचायची असे ठरविले, तर शेवटच्या वर्षातली 'रेव्हलेशन' वाचावी. मिसेस टर्पिन ही सुखवस्तू शेतकरीण नवऱ्याला घेऊन डॉक्टरच्या दवाखान्यात बसली आहे. बसल्या बसल्या ती समोरच्यांची प्रतवारी लावते: काळे, कंगाल गोरे, घर असलेले, घर आणि जमीन असलेले. आपण शेवटच्या वर्गात आहोत याबद्दल ती येशूचे मनोमन आभार मानते. समोर एक तिरसट, मुरुमांनी भरलेल्या चेहऱ्याची मुलगी जाडजूड पुस्तक वाचत असते. ती एकाएकी ते पुस्तक मिसेस टर्पिनच्या तोंडावर फेकते, तिचा गळा धरते आणि तिला नरकातून आलेले रानडुक्कर म्हणते. संध्याकाळी ही बाई आपल्या डुकरांच्या गोठ्यापाशी पाण्याची नळी हातात घेऊन थेट देवाला जाब विचारते. मग मावळत्या आकाशात तिला एक मिरवणूक दिसते. स्वर्गाकडे जाणाऱ्यांत ज्यांना तिने खालच्या प्रतीत टाकले होते ते पुढे आहेत, नाचत-उड्या मारत. तिच्यासारखी नीटनेटकी माणसे सर्वांत मागे, सुरात गाणारी, आणि त्यांचे सद्गुणसुद्धा जळून जात आहेत. कथा येथे संपते.

परुशी आणि जकातदार यांचा दाखला ज्याने मिस्सेत ऐकला आहे, त्याला ही कथा कोठून आली हे सांगावे लागत नाही. आपल्यापैकी अनेकांना ती बोचेल, आणि बोचावी. लग्नाच्या बोलण्यांत आपण कोणाचे घर, कोणती आळी, कोणती बोली, वाडी किती, असे विचारतो, तेव्हा आपल्या मनातला दवाखाना भरलेलाच असतो. पण मला येथे घाटाकडे लक्ष वेधायचे आहे. ओ'कॉनर पुढचा दिवस सांगत नाहीत. मिसेस टर्पिन बदलली का? दुसऱ्या दिवशी तिने मजुरांशी वेगळ्या स्वरात बोलणे केले का? ठाऊक नाही. उधळ्या पुत्राच्या दाखल्यात मोठा भाऊ अंगणात उभा आहे, बाप त्याची समजूत घालतो आहे आणि दाखला संपतो. तो आत गेला की नाही हे प्रभूने सांगितले नाही. कथेचे सामर्थ्य या न सांगण्यात आहे. कृपा येऊन धडकली एवढेच ती दाखविते. ती स्वीकारली गेली की नाही, हे वाचकाच्या पदरात टाकते. ज्या वाचकाला असे पदरात पडलेले ओझे आवडत नाही तो म्हणतो, 'कथा अर्धवट वाटते.' त्याची तक्रार खरी आहे; फक्त तो दोष म्हणून सांगतो ते त्या घाटाचे काम आहे.

येथे आपल्या स्वतःच्या कथांविषयी बोलणे भाग आहे. आपल्या नियतकालिकांत, विशेषतः नाताळच्या अंकांत, एक कथा वर्षानुवर्षे येत राहिली आहे. नवरा दारुडा. बायको सोशिक, हातात रोझरी. मुलीच्या शाळेची फी थकलेली. नाताळच्या मध्यरात्रीच्या मिस्सेला, गव्हाणीसमोर, किंवा आईच्या कबरीजवळ त्याच्या डोळ्यांत पाणी येते आणि शेवटच्या परिच्छेदात तो बाटली फोडतो. या कथांमागची सदिच्छा मला मान्य आहे. आपले वाचक त्या आवडीने वाचतात हेही खरे. परंतु त्या काळाविषयी खोटे बोलतात. ज्या घरात दारू आहे, त्या घरातल्या माणसांना ठाऊक असते की बाटली पहिल्यांदा फुटते तेव्हा गोष्ट संपत नाही. रिट्रीटहून आलेला माणूस महिनाभर शुद्धीवर राहतो, गावच्या सणाला पुन्हा पितो, पापनिवेदन करतो, पुन्हा पितो. बायकोचा विश्वास पहिल्या पश्चात्तापाला जितका असतो तितका सातव्याला राहत नाही. अशा घरातली स्त्री आपली ती नाताळची कथा वाचते, तेव्हा तिला दिलासा मिळतो की आपल्याच प्रार्थनेत काही उणे असल्यासारखे वाटते? लेखकांनी याचा विचार केला पाहिजे. ओ'कॉनरप्रमाणे क्षणाची कथा लिहायची तर क्षणावर थांबावे. बाटली फोडू नये. आणि बाटली फुटल्यावरची माणसे दाखवायची असतील तर त्यांना पाने द्यावी लागतील.

पाने दिली म्हणजे काय होते, हे शुसाकू एन्डो यांच्या 'सायलेन्स' (1966) या जपानी कादंबरीत पाहावे. मार्टिन स्कॉर्सेसी यांच्या 2016 मधील चित्रपटामुळे ती आपल्याकडे अनेकांच्या कानावर आली. सतराव्या शतकात जपानमध्ये ख्रिस्ती लोकांचा छळ चालू असताना, तेथे गेलेल्या आपल्या गुरूने धर्मत्याग केला या वार्तेची शहानिशा करण्यासाठी रॉड्रिग्ज हा तरुण पोर्तुगीज येशूसंघीय निघतो. त्याचा मार्ग लिस्बनहून गोवा आणि गोव्याहून मकाव असा आहे, त्यामुळे पहिल्या पानांत आपला किनाराही क्षणभर येऊन जातो. ही स्वतंत्र, एकटी कादंबरी आहे. तिला दुसरा भाग नाही आणि असूही शकत नाही, कारण सारी पाने एका निर्णयाकडे सरकतात: प्रभूची प्रतिमा पायाखाली तुडवायची की आपल्यामुळे खड्ड्यावर उलटे टांगलेल्या माणसांना मरू द्यायचे. वाचकाला एकाच माणसाबरोबर एकाच दारापर्यंत चालत नेणे, हे कादंबरीचे बळ. कथेला तेवढे चालता येत नाही आणि मालिकेत दारे फार होतात.

पण माझ्या मते या कादंबरीतला आपला माणूस किचिजिरो आहे. घाबरट, मळका, दारूचा नाद असलेला. छळाच्या वेळी घरचे सगळे श्रद्धेसाठी मेले आणि हा प्रतिमा तुडवून सुटला. तो रॉड्रिग्जचाही विश्वासघात करतो. आणि पुन्हा पुन्हा येऊन पापनिवेदन मागतो. पहिल्यांदा दया येते, तिसऱ्यांदा किळस. वाचकाच्या मनात रॉड्रिग्जइतकाच तिटकारा उत्पन्न करण्यात एन्डो यशस्वी होतात, आणि मग तो तिटकाराच वाचकासमोर आरसा म्हणून धरतात. मघाशी सांगितलेल्या नाताळच्या कथेतला नवरा शेवटच्या परिच्छेदानंतर चालत राहिला असता तर किचिजिरो झाला असता. कादंबरीच्या शेवटी एका अधिकाऱ्याच्या रोजनिशीची रुक्ष पाने जोडलेली आहेत. बरेच वाचक ती टाळतात. तेथे, वर्षांनंतर, जपानी नाव घेऊन नजरकैदेत राहणाऱ्या रॉड्रिग्जचा नोकर म्हणून किचिजिरो पुन्हा भेटतो आणि त्याच्याजवळ लपविलेली ख्रिस्ती संतांची प्रतिमा सापडते. एन्डो त्यावर टीका-टिप्पणी करीत नाहीत. कारकुनी नोंदीत ते एक ओळ टाकून देतात. ती पाने वगळणाऱ्याने कादंबरी वाचली नाही असे मी म्हणेन.

राहिली वाहत्या काळाची मालिका. आपल्या मुलांनी हॅरी पॉटरची सात पुस्तके (1997 ते 2007) वाचली, तेव्हा त्यांना तिची गोडी लागली ती केवळ जादूमुळे नव्हे. प्रत्येक पुस्तकागणिक नायक एक वर्षाने मोठा होत होता आणि वाचणारी पिढीही. दूरचित्रवाणीवरच्या मालिकांची तऱ्हा याच्या उलट. तेथे काळ ना थांबतो ना वाहतो, नुसता तुंबतो. आणि फारच तुंबला की निर्माते एका रात्रीत वीस वर्षांची 'लीप' घेऊन मोकळे होतात. ज्या वीस वर्षांत सारे काही घडायचे तीच नेमकी गाळलेली!

सिग्रिड उंडसेट यांनी ती वर्षे गाळली नाहीत. 'क्रिस्टिन लाव्हरान्सदातर' हे त्यांचे त्रिखंड 1920, 1921 आणि 1922 असे ओळीने तीन वर्षांत नॉर्वेजियन भाषेत आले. 1928 चे नोबेल पारितोषिक त्यांना मध्ययुगीन नॉर्वेच्या या चित्रणासाठी प्रामुख्याने मिळाले. काळ चौदाव्या शतकाचा. सारा देश कॅथलिक, पण जुन्या मूर्तिपूजक भीती अजून जंगलात दबा धरून बसलेल्या. येथे एक गोष्ट नोंदवण्याजोगी: उंडसेट यांचा कॅथलिक चर्चमध्ये प्रवेश 1924 चा, म्हणजे तिन्ही खंड पूर्ण झाल्यानंतरचा. चेस्टरटन यांचेही तसेच. ते 1922 साली कॅथलिक झाले आणि फादर ब्राउनचे पहिले दोन संग्रह त्यापूर्वीचे. दोघांनी उंबरठ्याबाहेर उभे राहून आतले घर रंगविले.

पहिल्या खंडात क्रिस्टिन ही सज्जन, देवभीरू जमीनदाराची लाडकी मुलगी. वडिलांनी ठरविलेला भला मुलगा सायमन तिला नको असतो. एर्लेंड हा देखणा, बेफिकीर, बदनाम सरदार हवा असतो. ती खोटे बोलते, चोरून भेटते, वडिलांच्या मनाविरुद्ध त्यांची संमती मिळविते आणि गर्भवती असताना कुमारिकेचा मुकुट घालून बोहल्यावर उभी राहते. जो वाचक येथे पुस्तक मिटतो, त्याच्या हाती एक उत्कट प्रेमकथा राहते; प्रेम जिंकले, जग हरले. चित्रपट येथेच संपले असते. उंडसेट मात्र खंडाच्या अखेरीस नवदांपत्याला सोडून क्रिस्टिनच्या आईवडिलांपाशी जातात. त्या रात्री आई आपल्या नवऱ्यासमोर लग्नाआधीचे एक जुने पाप उघड करते. सारा संसार त्या गुपितावर उभा होता. म्हणजे मुलीची गोष्ट जेथे सुरू होते तेथे आईची गोष्ट, वीस-पंचवीस वर्षे उशिरा, बोलू लागते. मालिका म्हणजे काय हे या एका प्रसंगात कळते. पापाची मुदत पुस्तकाच्या पानांवर अवलंबून नसते.

दुसऱ्या खंडात ती पहिल्या मुलाला पाठीशी बांधून अनवाणी निदारोसच्या यात्रेला जाते आणि संत ओलाफच्या मंदिरात आपला सोन्याचा मुकुट अर्पण करते. आपल्या कथेत येथे पूर्णविराम पडला असता. पश्चात्ताप झाला, यात्रा झाली, क्षमा झाली. पण क्रिस्टिन घरी येते आणि मग वर्षानुवर्षे नवऱ्याला माफ करू शकत नाही. तिने देवाकडून क्षमा घेतली; नवऱ्याला द्यायची तेवढी राहिली. सात मुलगे वाढतात. एर्लेंड राजकीय कटात सापडतो, मालमत्ता जाते. भांडणात जुने शब्द पुन्हा पुन्हा वर येतात. ती प्रार्थना करणारी, कष्टाळू, घर सांभाळणारी स्त्री आहे आणि तिच्या रागाला धार आहे. हे दोन्ही एकाच वेळी खरे. मिसेस टर्पिनला जे एका संध्याकाळी दिसले ते क्रिस्टिनला दिसायला तीस वर्षे लागतात. दोन्ही लेखिकांत कोण बरोबर? कृपा विजेसारखी येते हे ओ'कॉनरचे म्हणणे मला नाकारता येत नाही. पण ज्यांनी संसार केला आहे त्यांना उंडसेटच जवळच्या वाटतील असा माझा कयास आहे, आणि मीही शेवटी त्यांच्या बाजूला झुकतो. विजेच्या उजेडात वाट दिसते; चालावे काळोखातच लागते आणि ते चालणे लिहायला हजार पाने लागतात.

तिसऱ्या खंडात नवरा गेल्यावर, मुले आपापल्या वाटेने पांगल्यावर, क्रिस्टिन मठात जाऊन राहते. 1349 साल, महामारी आलेली. घाबरलेले लोक रोग टळावा म्हणून एका भिकारणीच्या मुलाचा बळी द्यायला निघतात. क्रिस्टिन ते थांबविते आणि त्या भिकारणीचे कोणी हात न लावलेले प्रेत स्वतः दफनासाठी आणायला जाते. त्यातच ती आजारी पडते. मरताना, त्या स्त्रीच्या आत्म्यासाठी मिस्सा व्हाव्यात म्हणून, ती बोटातली लग्नाची अंगठी काढून देते. अंगठीच्या आत पवित्र मारियेच्या नावाचे अक्षर कोरलेले होते आणि आयुष्यभराच्या वापराने त्याचा ठसा बोटावर उमटला आहे. अंगठी गेली, ठसा राहिला. ज्या लग्नासाठी तिने बापाला दुखविले, खोटे बोलली, मुकुट मिरविला, त्याच लग्नाच्या अंगठीने तिच्या नकळत तिला कोणाची तरी दासी म्हणून चिन्हांकित केले होते. हा ठसा पहिल्या खंडात दिसणे शक्यच नव्हते. तो उमटायला तेवढी वर्षे ती अंगठी बोटात असावी लागते, आणि वाचकाच्याही हातात ते पुस्तक तेवढे दिवस असावे लागते.

एका खंडात बांधलेली इंग्रजी आवृत्ती अकराशेहून अधिक पानांची आहे. जुने इंग्रजी भाषांतर मुद्दाम पुरातन वळणाचे असल्याने अनेकांना अडखळायला होते. टीना नन्नली यांचे 1997 ते 2000 या काळात आलेले नवे भाषांतर सरळ भाषेत आहे. ग्रंथालयांनी घ्यायचे तर ते घ्यावे. तिन्ही खंड एकदम घ्यावेत. पहिलाच खंड फळीवर ठेवला तर आपल्या मुली ती प्रेमकथा वाचतील आणि तेवढ्यावरच थांबतील.